अद्भुताच्या चुलीवर

जपानी ॲनिमेमध्ये, म्हणजे ॲनिमेशनच्या जपानी परंपरेतून घडणाऱ्या मालिका आणि चित्रपटांमध्ये, गेल्या दहा-बारा वर्षांत अद्भुतकथेचा एक असा उपप्रकार रुळला आहे की ज्यात तलवार, मंत्रतंत्र, ड्रॅगन, भुयारे आणि शाप ही सारी सामग्री जागच्या जागी असते, पण कथेचा भार मात्र चुलीवरच्या पातेल्यावर असतो. राक्षस मारला गेला की त्याच्या तंगडीचे काय करता येईल याची चर्चा सुरू होते, आणि प्रेक्षक डोळे लावून बसलेला असतो तो पहिला घास कोण घेतो आणि घेतल्यावर त्याचा चेहरा कसा होतो याकडे. पाश्चात्त्य प्रेक्षकांमध्ये या कृतींना ‘कोझी’, म्हणजे उबदार आणि निवांत, हे विशेषण चिकटले आहे. जपानमध्ये त्यांचे नाते एका बाजूने ‘गुरुमे’ म्हणजे खाद्यविषयक मांगाच्या परंपरेशी आणि दुसऱ्या बाजूने ‘इसेकाई’शी, म्हणजे या जगातला माणूस भलत्याच जगात जाऊन पडतो अशा कथांशी लावले जाते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, आणि बहुतेक ॲनिमे मालिकांचे मूळ एक तर तिच्यात असते किंवा ‘लाइट नॉव्हेल’ नावाच्या, प्रामुख्याने तरुणांसाठी लिहिलेल्या सुटसुटीत सचित्र कादंबऱ्यांत.

या कृती पाहताना जो दिलासा मिळतो त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे दिले जाते की धकाधकीला विटलेल्या प्रेक्षकाला काहीच न घडणाऱ्या गोष्टी हव्या असतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण या प्रकारातल्या चांगल्या कृतींत पुष्कळ काही घडते आणि त्यातले बरेचसे भयंकर असते: माणसे गिळली जातात, उपासमारीने एकमेकांवर संशय घेतात, मित्र मानलेले जनावर बुडवायला उठते. दिलाशाचा उगम दुसरीकडे आहे. जे परके, अवाढव्य आणि अनाकलनीय म्हणून समोर उभे ठाकले होते, ते धुतले, चिरले, शिजवले आणि चौघांत वाटून घेतले जाताना पाहणे, यात तो आहे. मूळ संकट किती भाग पुरेल याचा नेम नसतो, पण भाताला वाफ मात्र याच भागात येते. अमर्याद जगात एवढे एक काम तरी हाती घेऊन तडीस नेता येते, ही खात्री ही कथा दर आठवड्याला देते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या रूपांतरावर आहे, आणि त्या रूपांतराची किंमत कोणाला मोजावी लागते हे जी कृती झाकून ठेवत नाही ती सरस, असा निकष येथे धरलेला आहे.

मुळांचा शोध घेताना पहिले नाव घ्यावे लागते ते एका अशा मालिकेचे, जी अद्भुत मुळीच नाही. योहाना श्पीरी यांच्या स्विस कादंबरीवर इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेली हायडीची बावन्न भागांची मालिका १९७४ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली. तिच्या दृश्यरचनेची जबाबदारी हायाओ मियाझाकी यांच्याकडे होती आणि तयारीसाठी ही मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन आली होती. त्या मालिकेतले विस्तवावरचे चीज आजही जपानी प्रेक्षकांच्या स्मरणात आहे: आजोबा लांब काट्याला टोचलेला चीजचा तुकडा आगीसमोर धरतात, त्याच्या कडा सुटू लागतात, आणि तो पाघळून पावाच्या जाड तुकड्यावर पसरतो. आईबापावेगळी पोर एका तुसड्या म्हाताऱ्याच्या दारात आणून सोडलेली आहे, आणि म्हाताऱ्याने तिला ठेवून घेतले आहे हे संवादातून कळण्याआधी या चीजवरून कळते. पुढे मियाझाकींच्या स्वतःच्या चित्रपटांनी हीच रीत पक्की केली. १९८६ च्या ‘लापुता’मध्ये जमिनीखालच्या खाणीत लपलेली दोन मुले पावावर तळलेले अंडे ठेवून खातात, २००४ च्या ‘हाउल’मध्ये चालत्या किल्ल्यातल्या चुलीत अडकलेला अग्नी कुरकुरत मान तुकवतो, त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या तव्यात जाड बेकन आणि अंडी परतली जातात आणि फोडलेल्या अंड्यांची टरफले त्याच्याच तोंडात पडतात, २००८ च्या ‘पोन्यो’मध्ये वादळाच्या रात्री झाकण काढल्यावर दिसणाऱ्या तयार नूडल्सच्या वाडग्याला पक्वान्नाचा मान मिळतो. मियाझाकींच्या जिब्ली या स्टुडिओच्या मिताका येथील संग्रहालयाने २०१७ मध्ये केवळ खाण्याच्या चित्रणावर प्रदर्शन भरवले, यावरून या दृश्यांचे मोल त्यांच्या कर्त्यांनाही ठाऊक होते हे दिसते.

मात्र मियाझाकींच्याच २००१ च्या, जगभर ‘स्पिरिटेड अवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटात अन्नाची दुसरी बाजू उघडी पडते. परक्या जगाच्या वेशीवर मांडलेल्या ताटांवर चिहिरो या लहान मुलीचे आईवडील न विचारता तुटून पडतात आणि डुकरे होतात. उलट चिहिरो स्वतः विरघळत, पारदर्शक होत चाललेली असते आणि त्या जगातले काहीतरी पोटात गेल्याशिवाय तिला तेथे टिकता येत नाही. या कल्पनेचे मूळ खोल आहे. इसवी सन ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या प्राचीन जपानी ग्रंथात मृत इझानामी देवी पाताळातून परतू शकत नाही, कारण तिने योमीच्या, म्हणजे मृतांच्या लोकाच्या, चुलीवर शिजलेले अन्न खाल्लेले असते. परलोकाचे अन्न खाणारा त्या लोकाचा होतो, हा नियम जपानी अद्भुताला असा आरंभापासून ठाऊक आहे. आजच्या उबदार मालिकांनी या नियमातला धाक काढून त्यातला रहिवास तेवढा ठेवला, आणि हा फेरफार वाटतो तितका साधा नाही: अन्नाने माणूस बांधला जातो हे भय होते, तेच आता वचन झाले.

दुसरा धागा ‘इयाशिकेई’चा आहे. मनाला उतारा पडावा अशा संथ, संघर्षाला फारसे स्थान नसलेल्या कथांना जपानमध्ये हे नाव आहे, आणि त्यांचा प्रसार सामान्यतः १९९५ या वर्षाशी जोडला जातो: त्या जानेवारीत कोबे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि मार्चमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. ही जोडणी सोयीची असली तरी तिच्यावर फार भार टाकू नये, कारण या प्रकारात पायाभूत मानली जाणारी हितोशी आशिनानो यांची ‘योकोहामा काइदाशी किको’ ही मांगा १९९४ मध्येच सुरू झाली होती. समुद्र चढत चाललेल्या आणि माणसे ओसरत चाललेल्या भविष्यकाळात आल्फा नावाची यंत्रमानव तरुणी कॉफीचे एक दुकान चालवते, आणि गिऱ्हाईक क्वचितच फिरकते, एवढेच तिचे कथानक आहे. प्रलय होऊन गेल्यावरही कोणीतरी पाणी उकळायला ठेवते, ही जी मनोवृत्ती या मांगाने रुजवली, तिचा वारसा पुढच्या खाद्यकेंद्री अद्भुताकडे आला.

तिसरा धागा गुरुमे मांगाचा. तेत्सू कारिया आणि आकिरा हानासाकी यांची १९८३ मध्ये सुरू झालेली ‘ओइशिन्बो’ ही मांगा अन्नाच्या गुणवत्तेवरून बापलेकांत जुंपलेल्या वैराची कथा आहे, आणि तिने एका पिढीला मासा, सोया सॉस, तांदूळ यांविषयी मते बाळगायला शिकवले. तोची उएयामा यांच्या १९८५ च्या ‘कुकिंग पापा’चा स्वभाव याच्या अगदी उलटा: दणकट बांध्याचा एक कचेरीतला साहेब घरी स्वयंपाक करतो, पण सुरुवातीला सहकाऱ्यांपासून ते लपवून सगळे श्रेय पत्रकार बायकोच्या हाताला देतो. या दोन वळणांपैकी अद्भुत ॲनिमेने दुसरे उचलले. स्पर्धा, निकाल, पराभूताची नामुष्की ही पहिल्या वळणाची सामग्री येथे फारशी आढळत नाही.

या तिन्ही धाग्यांची वीण प्रथम स्पष्ट दिसते ती ‘इसेकाई शोकुदो’मध्ये. जुन्पेई इनुझुका यांनी ही कथामाला हौशी लेखकांसाठीच्या एका जपानी संकेतस्थळावर लिहायला घेतली, २०१५ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली, आणि २०१७ मध्ये सिल्व्हर लिंक या स्टुडिओने तिची बारा भागांची मालिका केली. टोकियोतल्या एका इमारतीच्या तळघरात ‘नेकोया’ नावाची खानावळ आहे. इतर दिवशी तेथे आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे जेवतात, पण शनिवारी, या जगासाठी ती बंद असताना, मांजराचे चित्र असलेला तिचा दरवाजा दुसऱ्या एका जगात जागोजाग उगवतो. अरण्यात, पडक्या किल्ल्यात, राजवाड्यात, निर्जन बेटावर ज्याला तो सापडेल त्याने आत यावे, घंटा किणकिणते, मालक पाणी आणून ठेवतो. प्रत्येक कथेला एका पदार्थाचे नाव आहे, आणि गिऱ्हाइकेही एकमेकांना बहुधा आवडत्या पदार्थानेच ओळखतात. सरडामानव गागान्पो ऑम्लेटात गुंडाळलेल्या भातासाठी येतो आणि आपल्या टोळीसाठी बांधून नेतो. मांस, दूध, अंडे यांपैकी काहीच न चालणाऱ्या फार्दानिया या एल्फ, म्हणजे लांब कानांच्या वनवासी जमातीतल्या, तरुणीपुढे मालक टोफूचा स्टेक ठेवतो आणि तो तिला इतका झोंबतो की याहून सरस पदार्थ आपल्या लोकांसाठी शोधण्याकरिता ती घर सोडते. बाहेरच्या जगात ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांची शहरे जाळली, ते येथे शेजारच्या टेबलांवर बसून कटलेट भाताबरोबर खावे की पावाबरोबर यावर वाद घालतात. शिंगांमुळे कोठेही काम न मिळणारी आलेत्ता ही राक्षसकुळातली मुलगी उपाशीपोटी स्वयंपाकघरात शिरून उरलेले सूप पिते, आणि मालक तिला कामावर ठेवतो. पंक्तिप्रपंच नसलेली ही पंगत आहे, आणि ज्या समाजात कोणी कोणाच्या शेजारी बसून जेवावे याचे नियम शतकानुशतके पाळले गेले, तेथल्या वाचकाला तिचे अद्भुतपण जपानी वाचकापेक्षाही अधिक जाणवेल.

या खानावळीचा खाद्यक्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. तेथे सुशी नाही, चहाच्या विधीतले नाजूक पदार्थ नाहीत. आहेत ते ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेले डुकराच्या मांसाचे कटलेट, कोळंबी, खिम्याच्या वड्या, बीफ स्ट्यू, कोरोक्के, करी-भात. या पदार्थांना ‘योशोकु’ म्हणतात, म्हणजे युरोपीय पाकक्रियेचे जपानने आपल्या जिभेला आणि भाताला जुळवून घेतलेले रूप. सम्राट तेम्मू यांनी इसवी सन ६७५ मध्ये काही प्राण्यांचे मांस खाण्यावर निर्बंध घातल्यापासून मांसाहाराविषयी जो संकोच जपानमध्ये कमीअधिक प्रमाणात टिकून होता, तो मेइजी राजवटीत मोडीत निघाला. १८७२ मध्ये सम्राटांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर करण्यात आले, कारण पाश्चात्त्यांची ताकद त्यांच्या आहारात आहे अशी सुधारकांची समजूत होती. टोकियोच्या गिन्झा भागात १८९५ मध्ये उघडलेल्या रेंगातेइसारख्या उपाहारगृहांत मग फ्रेंच कटलेट हळूहळू कापून, कोबीच्या किसाबरोबर, भाताशेजारी येऊ लागले. तेव्हा नेकोयात शिरणारा एल्फ किंवा सरदार कटलेटचा पहिला तुकडा तोंडात घालून ज्या विस्मयाने थबकतो, तो विस्मय जपानने स्वतः दीडशे वर्षांपूर्वी अनुभवलेला आहे; त्या वेळी परक्या जगाचा दरवाजा योकोहामाच्या बंदरात उघडला होता आणि दरवाजातून आत येणारे जपानी होते. ‘इसेकाई शोकुदो’ ही या अर्थाने जागा बदलून सांगितलेली मेइजी काळाची गोष्ट आहे. तिच्या कर्त्याने हे हेतुपूर्वक केले असेल वा नसेल, तिच्यातली ऊब मात्र बरीचशी येथूनच येते, कारण त्या मूळ अनुभवातला अपमान आणि धसका वगळून तेवढी चव शिल्लक ठेवलेली आहे.

करीचा प्रवास या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. बेटावर वीस वर्षे एकटा अडकलेला आल्फोन्स हा दर्यावर्दी सेनानी दर सातव्या दिवशी नेकोयात येऊन करी-भात खातो, आणि ती करी भारतीय जिभेला ओळखीची वाटण्याची शक्यता कमी, कारण जपानने ती भारताकडून न घेता इंग्रजांकडून घेतली. पिठाने दाट केलेला, मसाल्याची तयार पूड घातलेला, गोडसर रस्सा हा ब्रिटिश आरमारी जेवणाचा वारसा आहे आणि जपानी आरमारातूनच तो पुढे पसरला. खरी भारतीय करी म्हणून जी टोकियोत विकली जाऊ लागली ती १९२७ मध्ये, शिन्जुकूच्या नाकामुराया दुकानात, आणि तिच्यामागे होते रासबिहारी बोस हे क्रांतिकारक, जे व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावरील बॉम्बहल्ल्यानंतर इंग्रजांना चुकवून १९१५ मध्ये जपानला पोहोचले होते आणि ज्यांना याच दुकानाच्या मालकांनी आसरा देऊन पुढे जावई करून घेतले. एका ताटलीत इतका इतिहास मावतो, पण ॲनिमे त्याला हातही लावत नाही, आणि हे येथे नोंदवणे भाग आहे.

कारण या उपप्रकारातली आत्मसंतुष्टता हा त्याचा ठळक दोष आहे. जपानी पदार्थ चाखला की परजगातला प्रत्येक प्राणी भारावतो, हा प्रसंग एकदा गोड वाटतो, दहाव्यांदा त्यात प्रचाराचा वास येऊ लागतो. जपानी पारंपरिक आहारसंस्कृतीला २०१३ च्या डिसेंबरात युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्याच सुमारास या कथांनी जोर धरला हा योगायोग असू शकतो, परंतु दोन्हींमधला सूर जुळतो. नात्सुया सेमिकावा यांच्या कथांवरील २०१८ च्या ‘इसेकाई इझाकाया नोबू’त, जिथे मद्यासोबत चखणे देणाऱ्या छोट्या जपानी गुत्त्याचा दर्शनी दरवाजा जर्मन वळणाच्या एका मध्ययुगीन शहरात उघडतो, हा दोष विशेष जाणवतो. रेन एगुची यांच्या कादंबऱ्यांवर माप्पा या स्टुडिओने २०२३ मध्ये केलेली ‘तोन्देमो स्किल’ ही मालिका तर चुलीपेक्षा दुकानावर अधिक उभी आहे. चुकून परजगात ओढल्या गेलेल्या मुकोदा या नोकरदाराला वरदान मिळते ते घरबसल्या किराणा मागवण्याचे. हवेतून पुठ्ठ्याची खोकी उतरतात, त्यांतून प्रत्यक्ष जपानी कंपन्यांच्या सॉसच्या बाटल्या निघतात, आणि स्वयंपाकाच्या वासाने आलेला फेल नावाचा महाकाय लांडगा, नॉर्स पुराणातला फेन्रिर, त्याच्याशी करार करून बसतो. मालिका खुसखुशीत आहे आणि तव्यावरचे मांस तिच्याइतके देखणे क्वचितच कोणी काढले असेल, पण मुकोदाला त्या जगाची चव फारशी शिकावी लागत नाही. रानटी डुक्कर तिकडचे, सॉस इकडचा. हा दिलासा ग्राहकाचा आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला रियोको कुई यांची ‘डंजन मेशी’ उभी आहे, आणि या विवेचनातला मोठा भाग तिने व्यापला तर ते तिच्या योग्यतेला धरूनच आहे. ‘हार्ता’ या नियतकालिकात २०१४ ते २०२३ या काळात ती क्रमशः आली, तिचे चौदा खंड झाले, आणि ट्रिगर या स्टुडिओची चोवीस भागांची मालिका २०२४ च्या जानेवारी ते जून या काळात प्रसारित झाली. ‘डंजन’ म्हणजे संगणकीय आणि पटावरच्या खेळांतून रूढ झालेले, राक्षसांनी आणि खजिन्यांनी भरलेले बहुमजली भुयार. उपाशी पोटी लाल ड्रॅगनशी लढताना लायोस या तरुण योद्ध्याच्या तुकडीचा पराभव होतो. त्याची बहीण फालिन इतरांना मंत्राने बाहेर काढते आणि स्वतः गिळली जाते. त्या भुयारात मेलेल्याला जिवंत करता येते, पण ड्रॅगनच्या पोटात ती पचून जाण्याआधी पोहोचले पाहिजे. शिधा विकत घ्यायला पैसे नाहीत. म्हणून लायोस, मार्सिल ही एल्फ जादूगार आणि कुलुपे उघडण्यात तरबेज असलेला चिल्चक असे तिघे वाटेत भेटेल तो राक्षस खात खाली उतरायचे ठरवतात. म्हणजे या कथेतली प्रत्येक मेजवानी घड्याळाशी झुंजत होते, आणि तरीही कोणी घाईघाईत जेवत नाही. दहा वर्षांहून अधिक काळ भुयारात राहून राक्षसांच्या पाककृतींचा अभ्यास केलेला सेन्शी नावाचा बुटका त्यांना भेटतो आणि पोटभर जेवल्याखेरीज, झोप घेतल्याखेरीज लढता येत नाही हे त्यांच्या गळी उतरवतो.

कुई यांचे सामर्थ्य तपशिलात आहे. पहिल्या पातेल्यात महाकाय विंचू, चालती अळंबी आणि स्लाइम हा लिबलिबीत राक्षस वाळवून पडतो, पण त्याआधी विंचवाची नांगी आणि पोट का काढायचे, कवचाला चिरा कुठे द्यायच्या हे दाखवले जाते. आपोआप चालणारी रिकामी चिलखते ही खेळांतली जुनी भीती; कुई सांगतात की चिलखताचा प्रत्येक पत्रा म्हणजे शिंपल्याच्या जातीचा एक जीव आहे, आणि मग ते भाजता येतात, त्यांचे सूप करता येते. मातीच्या गोलेम राक्षसांच्या पाठीवर सेन्शीने भाजीचे वाफे लावलेले आहेत. भय येथे पराक्रमाने हटत नाही; जीवशास्त्राने हटते. कोण काय खातो, कोणता जीव संपला तर कोणता माजेल, याचा विचार सेन्शी सतत करतो, आणि भुयार हे शत्रूंचे कोठार न राहता अन्नसाखळी होते, ज्यात उतरलेला माणूसही एक कडी असतो. लाल ड्रॅगनने फालिनला खाल्ले यात द्वेष नव्हता, आणि लायोसचे वेगळेपण असे की त्यालाही ड्रॅगनचा द्वेष वाटत नाही.

किंमत न लपवण्याचा जो निकष आरंभी सांगितला तो या मालिकेच्या सातव्या भागाला लावून पाहता येतो. भुयारातल्या जलाशयात सेन्शीचा एका केल्पीशी, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या घोड्यासारख्या राक्षसाशी, अनेक वर्षांचा स्नेह आहे. त्याने तिला ॲन असे नावही दिले आहे. तळे ओलांडण्यासाठी तो विश्वासाने तिच्या पाठीवर बसतो, आणि ती त्याला खोल पाण्यात ओढून नेते. सेन्शी तिला मारतो. नंतर तिच्या चरबीचा साबण केला जातो, कारण वर्षानुवर्षांच्या रक्ताने आणि चरबीने माखलेल्या त्याच्या दाढीवर पाण्यावर चालण्याचा मंत्र चढत नसतो. तो साबण लावून त्याची दाढी धुतली जाते, आणि मग तिचे मांस भाजले जाते. प्रसंग हसवतो, दाढी धुतल्यावर मऊ कापसासारखी फुलते तेव्हा तर फारच, पण मैत्रिणीचे मांस खाणारा सेन्शी बोलत नाही, आणि कोणी त्याला बोलायला लावतही नाही. पुढे कळते की तरुणपणी भुयारात अडकलेल्या त्याच्या टोळीतला शेवटचा सोबती त्याला ग्रिफिन या पंखवाल्या राक्षसाचे म्हणून एक सूप भरवून गेला होता, आणि ते मांस आपल्याच एखाद्या सोबत्याचे तर नव्हते ना, हा संशय घेऊन तो तेव्हापासून जगत आला आहे. लायोस त्या सूपाचे कोडे जीवशास्त्राच्या तर्काने सोडवतो: तो प्राणी ग्रिफिन नसून त्याच्यासारखाच दिसणारा हिप्पोग्रिफ होता; चव जुळते आणि सेन्शी रडतो. उबदार म्हणवणाऱ्या संपूर्ण ॲनिमेत याहून उबदार वाडगा दुसरा नाही, आणि त्याच्या तळाशी नरमांसभक्षणाची शंका आहे.

ॲनिमेशनच्या तंत्राचाही या परिणामात वाटा आहे. पडद्यावरच्या अन्नाला वास नसतो, चव नसते, आणि चित्रातले असल्याने ते खरेही नसते. ते पटवायचे तर वाफ, चकाकी, वजन आणि आवाज यांवरच भिस्त. दूरचित्रवाणीच्या ॲनिमेत सेकंदाला चोवीस फ्रेम असल्या तरी एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम टिकवले जाते, आणि बोलणाऱ्या पात्राचे बहुतेक वेळा ओठच तेवढे हलतात. अशा काटकसरीच्या माध्यमात पिवळा बलक फुटून भातावर ओघळताना जर पूर्ण काळजीने काढला असेल, तर तेथे कोणाचे तरी कष्ट खर्ची पडले आहेत हे प्रेक्षकाला न सांगता उमगते. छायाचित्रणात भाताचे शीत आपोआप टिपले जाते, येथे ते कोणीतरी काढावे लागते. वाफेचा अर्धपारदर्शक थर वेगळा चढवला जातो, तेलाचा चर्र आवाज स्वतंत्रपणे बसवला जातो. चव दाखवता येत नाही म्हणून अखेर खाणाऱ्याचा चेहरा दाखवावा लागतो, आणि येथेच जुन्या गुरुमे ॲनिमेतला गडगडाटी आविर्भाव आणि नव्यातला संयम यांतला फरक दिसतो: मार्सिल नाक मुरडत घास घेते, चावते, थांबते, आणि दुसरा घास घेते.

या सगळ्या स्वयंपाकघरांविषयी एक तक्रार मात्र राहते. सेन्शी, नेकोयाचा मालक, मुकोदा, नोबूचा आचारी हे सारे पुरुष आहेत, बहुधा एकटे किंवा व्यावसायिक, आणि त्यांना स्वयंपाक ही निवड म्हणून लाभली आहे. युफोटेबल या स्टुडिओच्या २०१८ पासून आलेल्या ‘एमिया-सान’ मालिकेत, जिथे मूळ ‘फेट’ कथेत एकमेकांच्या जिवावर उठलेले योद्धे एकाच टेबलाभोवती जेवायला बसतात, तेथेही पदर खोचून उभा असतो तो शिरो हा मुलगाच. मराठी घरांतली बाई ज्याला ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ म्हणते त्या चक्रातले पहिले दोन टप्पे या मालिका प्रेमाने रंगवतात, तिसऱ्याकडे क्वचितच वळतात. रोज तेच, कोणाच्या कौतुकाविना करावे लागणारे काम म्हणजे स्वयंपाक, हा अनुभव गाळल्यामुळे या चुली इतक्या प्रसन्न दिसतात हे उघड आहे. तरीही पुरुषाने निगुतीने शिजवून दुसऱ्याला वाढावे हे चित्र तरुण प्रेक्षकांपुढे वारंवार यावे, याला काही किंमत नाही असेही म्हणता येत नाही.

या पुस्तकासाठी केलेल्या निवडीच्या मर्यादा येथेच नोंदवायला हव्यात. ‘तोरिको’ आणि ‘शोकुगेकी नो सोमा’ या लोकप्रिय कृती वगळल्या आहेत, कारण पहिलीत शिकारीचा पराक्रम आणि दुसरीत स्पर्धेचा निकाल हे मुख्य असून अन्न त्यांचे निमित्त आहे. ताकू कुवाबारा यांच्या मांगावरील, २०२० मध्ये आलेली ‘कूतेइ ड्रॅगन्स’ ही सीमेवरची आहे: हवाई जहाजातून ड्रॅगनची शिकार करून तेल आणि मांस विकणाऱ्या खलाशांची ही कथा जुन्या देवमाशांच्या शिकारीची आठवण करून देते, आणि तिच्यातला मिका जेवणासाठीच शिकार करतो, म्हणून तिचा विचार ‘डंजन मेशी’च्या जोडीने केला आहे. ‘डंजन मेशी’चा शेवट २०२४ च्या मालिकेत आलेला नसल्याने त्याची चर्चा मांगाच्या आधारे केली आहे, आणि ज्या वाचकांना तो आधी कळू नये असे वाटते, त्यांनी त्याविषयीचे प्रकरण मांगा वाचून झाल्यावर उघडावे.